विकत घेतली म्हन

पिशवी शिवायला घेतली ती हौस म्हणून नाही. रागातून घेतली.

दोन हजार चार-पाच सालची गोष्ट असेल. मी तेव्हा देवरीच्या बाजूच्या जंगलातल्या पाच-सहा गावांची नर्स होते. बस रस्त्यावर सोडायची, पुढे पायी. खांद्यावर खात्याकडून मिळालेली रेक्झिनची बॅग, आणि बॅगेत बी.पी.चं यंत्र, वजनकाटा, गोळ्यांचे डबे, रजिस्टरं, टॉर्च, पाण्याची बाटली, जेवणाचा डबा. एक दिवस दोन गावांच्या मध्ये पट्टा तुटला आणि यंत्र खडीवर आपटलं. काच फुटली, पारा धुळीत गोळ्या गोळ्या होऊन पळाला. पुढच्या गावात दिवस भरत आलेली एक बाई वाट पाहत होती. तिचं बी.पी. मी त्या दिवशी बघू शकले नाही. तिला काही झालं नाही, पण ते माझ्या किंवा बॅगेच्या कर्तबगारीनं नव्हे.

स्टोअरच्या माणसानं नवी बॅग काढून दिली आणि म्हणाला, ‘‘मॅडम, जरा जपून वापरत जा.’’ तो स्वतः टेबलापासून चहाच्या टपरीपर्यंत चालायचा.

घरी आल्यावर तुटलेली बॅग ब्लेडनं उसवून पाहिली. पट्ट्याच्या आत पुठ्ठा होता. ओझ्याच्या पट्ट्यात पुठ्ठा घालणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. नव्या बॅगेचा पट्टा दाबून पाहिला, त्यातही पुठ्ठाच. मी त्याच आठवड्यात गोंदियाला गेले आणि चपला शिवणारे जिथून माल घेतात त्या दुकानातून गाईम्हशीचं जाड चामडं, आरी, दोन बोथट सुया आणि जाड दोरा घेऊन आले. दुकानदार मापं काढता काढता म्हणाला, ‘‘क्या मैडम, सूई लगाना छोड़ के चप्पल का कारखाना डाल रहे क्या?’’ मी म्हटलं, ‘‘हां. पहला जोड़ा आपको ही मारूंगी.’’ तो हसला आणि एक पितळी बक्कल वरून टाकलं.

घरी बाबा होते. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले होते. नवरा बदलीच्या गावी, पंधरा दिवसांनी यायचा; त्याचं या प्रकरणात काहीच म्हणणं नव्हतं, आणि ते मला सोयीचं होतं. बाबा दरेकशाच्या बाजूला रेल्वेत गँगमन होते. सगळी नोकरी रुळावर चालून काढली. निवृत्तीनंतर अंगणात निवारची खुर्ची टाकून बसायचे आणि हायवेवरच्या गाड्या बघायचे.

मी घरात चामड्याची गुंडाळी जमिनीवर सोडली, तसे ते अंगणातल्या खुर्चीतून उठून दारात आले.

‘‘हे काय आनलंस व?’’

‘‘चामडं.’’

‘‘कायले?’’

‘‘बॅग शिवतो. रोज रोज तुटून राहिली.’’

‘‘घरात नाई पाहिजे ते. बाहेर ने.’’

‘‘बाबा, वास नाही येत. कमावलेलं आहे.’’

‘‘तू मले वास सांगून राहिली?’’

हे त्यांनी इतक्या हळू विचारलं की मी गप्प बसायला हवं होतं. बसले नाही. त्यांच्या पायाकडे बोट दाखवलं. ‘‘पायात काय आहे तुमच्या? लाकूड?’’

‘‘चप्पल विकत घेतली आहे.’’

‘‘मंग मी बी चामडं विकतच घेतलं.’’

‘‘विकत घेतलं ते घालाले. शिवाले नाई.’’

मग त्यांनी ते सांगितलं. माझ्या आठवणीत एकदाच सांगितलं. माझे आजोबा गावातली मेलेली ढोरं ओढायचे. बाबा लहान असताना दोराचं दुसरं टोक धरायचे. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि आमच्या सगळ्या मोहल्ल्यानं ते काम एका दिवसात सोडलं. गावानं मजुरी बंद केली, विहीर बंद केली, बांधावरून जायची वाट बंद केली. मेलेला बैल गावात फुगून पडला होता, तरी कोणी हात लावला नाही. ‘‘उपाशी राहिलो पन हात नाई लावला,’’ बाबा म्हणाले. ‘‘आन तू नोकरीवाली होऊन पैसे देऊन घरात आनून राहिली.’’

मला हे कळत नव्हतं असं नाही. लहानपणापासून आमच्या घरात मेलेल्या जनावराचा विषय निघाला की मोठी माणसं उठून जायची. पण मला पट्टा हवा होता, न तुटणारा. आणि ज्यांनी आमच्या कामाला घाण ठरवलं त्यांची लाज मी माझ्या खांद्यावर काऊन घ्यायची, हेही मला कळत नव्हतं. म्हणून मी चामडं उचललं आणि बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले.

पहिली चूक पहिल्याच दिवशी केली. वर्तमानपत्राचे नमुने कापले, चामडं कापलं, आणि आईनं शिकवल्याप्रमाणे झाकणाच्या कडेला कच्चा टाका घातला. आमच्याकडे मुलीला शिवण शिकवताना आधी हेच शिकवतात: कच्चा टाका घातल्याशिवाय पक्का घालायचा नाही. ब्लाउज असो, गोधडी असो. मी आरीनं भोकं पाडत लांब लांब कच्चे टाके घातले, झाकण नीट बसतंय का पाहिलं, बसत नव्हतं, म्हणून टाके ओढून काढले. कापड असतं तर नखानं घासलं की झालं. चामड्यावर भोकांची ओळच्या ओळ तशीच राहिली. पाणी लावून पाहिलं, हातोडीनं ठोकून पाहिलं. ती बुजत नाहीत. मेलेली कातडी आहे, ती काय भरून येणार? नर्सला हे कळायला पाहिजे होतं. मी हातोडी अंगणात फेकली. बाबा खुर्चीतून म्हणाले, ‘‘झाली काय शिवून?’’

दुसरं चामडं आणायला परत गोंदियाला जायची माझी तयारी नव्हती. तेच झाकण वापरलं.

दोऱ्याला मेण लागतं. घरात संध्याकाळच्या वंदनेच्या मेणबत्त्यांचे तुकडे एका डब्यात साठलेले होते. मी डबा घेऊन बाहेर आले आणि बाबांचा आवाज चढला.

‘‘वंदनेचं मेन चामड्याले?’’

‘‘उरलेलं आहे, बाबा. फेकूनच देतो ना आपण?’’

‘‘फेकनं येगळं.’’

मी डबा जागेवर नेऊन ठेवला. शिवाय तेवढ्यात एक तुकडा दोऱ्यावर घासून पाहिला होता, मेणबत्तीचं मेण दोऱ्यावरून झडतं. माझ्या एका गावातली बाई मध काढायची. तिच्याकडून पोळ्याचं मेण आणलं, पिवळं, चिकट. ते धरतं.

रोज ड्युटीवरून आले, स्वयंपाक झाला, की उजेड असेपर्यंत ओट्यावर. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी जायच्या आणि ओढून घट्ट करायचं. एक टाका तुटला तरी शेजारचा उसवत नाही. करंगळीच्या मुळाशी दोरा कापायचा; तिथे चिकटपट्टी लावून शिवत होते. पट्टा दुहेरी केला, बॅगेच्या पोटाखालून नेला, म्हणजे ओझं शिलाईवर नाही, पट्ट्यावरच येईल. पुठ्ठा कुठेही नाही. बॅग झाली ती ओबडधोबड, तपकिरी, एका कोपऱ्यात वाकडी. पण मी तिच्यात घरातला वरवंटा घालून ती दाराच्या खुंटीला दोन दिवस लटकवली. खुंटी वाकली. बॅग तशीच.

बाबांनी तिसऱ्या दिवशी वरवंट्याकडे पाहिलं. खरं तर त्या वरवंट्यामुळे दोन दिवस चटणी झाली नव्हती.

‘‘वापर,’’ ते म्हणाले. ‘‘माझं काही म्हननं नाई. पन कोनी विचारलं तर विकत घेतली म्हन.’’

‘‘काऊन?’’

‘‘म्हन म्हटलं ना.’’

‘‘मी खोटं नाही बोलत. मी शिवली.’’

‘‘पस्तावशील.’’

महिन्याच्या मीटिंगला बॅग टेबलावर ठेवली. सगळ्या जणी हात लावून पाहू लागल्या. एकीनं झाकणावरच्या भोकांची ओळ पाहून विचारलं, ‘‘ही नक्षी कोणत्या मशीनवर केली असेल हो?’’ मी म्हटलं, चुकीच्या मशीनवर. आमच्या वरच्या मॅडमनी बॅग उचलली, वजन घेतलं, पट्टा ओढून पाहिला. ‘‘छान आहे. नागपूरहून घेतली का?’’

‘‘नाही मॅडम, मी शिवली.’’

‘‘तुम्ही? हातानं?’’

‘‘हो.’’

त्यांनी बॅग टेबलावर ठेवली. हळूच ठेवली, आणि हात साडीच्या पदराला पुसला. तो पदराला पुसलेला हात मी पाहिला आणि त्यांनाही कळलं मी पाहिला. मग त्या हसून म्हणाल्या, ‘‘बरोबर आहे. तुमच्याकडे ते पहिल्यापासून असतंच ना हातात.’’

मागून कोणी तरी म्हणालं, ‘‘मग सिस्टर, माझी चप्पल पण टाचून द्या ना!’’ आणि हशा पिकला.

आमच्याकडे ते पहिल्यापासून कोणाच्याच हातात नव्हतं. ओढणारे वेगळे होते, कमावणारे वेगळे, शिवणारे वेगळे. आमच्या सात पिढ्यांत चामड्यात सुई घालणारी मीच पहिली, आणि तीही गोधडीचा टाका घालून चुकलेली. त्या बाईंना एवढाही फरक माहीत नव्हता, आणि माहीत करून घ्यायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. आडनावावरून सगळं कळतं असं त्यांना वाटत होतं. विकत घेतलेली असती तर ती छान बॅग होती. माझ्या हातची म्हटल्यावर ती आमची जात झाली.

मी उभी राहिले. ‘‘मॅडम, तुमच्याकडे काय असतं हो पहिल्यापासून हातात? आणि हात कशाला पुसला तेही सांगा सगळ्यांना.’’

हशा थांबला. त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही उगाच मनाला लावून घेता.’’ मग लसीकरणाचे आकडे सुरू झाले. माझे आकडे त्या दिवशी दोनदा तपासले गेले.

घरी आले तर बाबांनी चेहरा पाहिला. ‘‘बोललं ना कोनी?’’

‘‘बोललं.’’

‘‘मी म्हनत होतो.’’

माझा सगळा राग तिथे फुटला. ‘‘तुम्ही म्हणत होते म्हणून त्यांचं बरोबर झालं काय? हात त्यांनी पुसला, लाज तुम्ही धरून राहिले. ढोरं ओढून तुम्ही गाव साफ ठेवलं आणि घाण तुम्हीच? मी नाही सांगणार विकत घेतली म्हणून. कोणालाच नाही.’’

तरी पुढच्याच रविवारी बाबांनी ती विकतची ठरवायचा पुन्हा प्रयत्न केला. त्यांच्या बरोबरचे एक जुने गँगमन भेटायला आले होते. चहा पिता पिता त्यांची नजर खुंटीवर गेली. ‘‘बॅग मजबूत दिसून राहिली व पोरी. कुठची?’’

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, ‘‘नागपूरची. जावयानं आनली.’’

‘‘नाही काका,’’ मी म्हटलं. ‘‘मीच शिवली. ओट्यावर बसून.’’

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा उठले, कप तसाच ठेवून बाहेर गेले आणि हायवेच्या कडेनं चालू लागले, रुळावरून चालायचे तसे, खाली बघत. काका म्हणाले, ‘‘कायले बोललीस व? म्हाताऱ्याचं राहू द्यायचं.’’ मी म्हटलं, ‘‘तुम्ही बी आता चहा प्या नाहीतर उठा.’’ ते चहा प्यायले.

पुढे पुष्कळ दिवस बाबांनी माझ्याकडे चहाही मागितला नाही. ताट समोर ठेवलं की जेवायचे. खुंटीच्या बाजूनं जायचं असलं की दुसऱ्या दारानं जायचे. मीही समजूत काढायला गेले नाही. चूक माझी नव्हती, आणि त्यांचीही नव्हती, आणि जिची होती ती दर महिन्याला मीटिंग घेत होती.

बॅग मी त्या नोकरीत शेवटपर्यंत वापरली. यंत्र पुन्हा पडलं नाही. फक्त घामानं आणि पावसानं काही वर्षांनी पट्टा कडक होऊन चिरला. मी नवं चामडं आणलं आणि ओट्यावर न जाता अंगणातच सतरंजी टाकली, बाबांच्या खुर्चीपासून चार हातांवर. या वेळी कच्चा टाका नाही. कडा कागदांना लावायच्या क्लिपांनी धरल्या. पहिलं भोक पाडलं तशी खुर्ची करकरली. बाबांनी ती उचलली आणि माझ्याकडे पाठ करून, हायवेकडे तोंड करून ठेवली.

मी वाट पाहिली. ते आत गेले नाहीत. पट्टा पूर्ण होईपर्यंत तसेच बसून होते. मध्ये एकदा हातोडी माझ्या हातून निसटून त्यांच्या खुर्चीखाली गेली, तेव्हा मागे न बघता त्यांनी पायानं ती माझ्याकडे सरकवली.