उन्हात तापलेली टाकी

लाकडी टब रिकामा होता. आत दत्ताराम गुडघ्यांवर बसून ब्रशनं फळ्या घासत होता. बाहेरच्या पडवीत तीन जपानी पाहुणे सुती झगे घालून आंघोळीची वाट बघत बसले होते.

“हे काय केलंस?” मी विचारलं.

“मोठे साहेब आंघोळ करून गेले ना मॅडम. पाणी सोडून दिलं. आता चकाचक करतो आणि परत भरतो.”

ते पाणी तापवायला सकाळपासून हीटर चालू होता.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी अमिरातीतल्या फुजैराच्या एका हॉटेलात एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर होते. खोल्या, चादरी, टॉवेल, फरश्या आणि हे सगळं स्वच्छ ठेवणारी माणसं, ही सगळी माझी जबाबदारी. फुजैराच्या बंदरावर तेलाच्या टाक्यांचं काम चालायचं आणि त्या कामासाठी जपानी इंजिनिअर येऊन महिनोन्‌महिने राहायचे. पण राहायचे ते दुसऱ्या हॉटेलात. त्यांना आमच्याकडे ओढायचं म्हणून आमचे जनरल मॅनेजर, मिस्टर इलियास, यांनी एक युक्ती काढली. बागेच्या टोकाला एक छोटी विंग बांधायची, हुबेहूब र्योकानसारखी.

र्योकान म्हणजे गरम झऱ्याच्या काठची जपानी पद्धतीची पाहुणचाराची जागा. खाली गवती चटया, बुटकी टेबलं, जमिनीवर गाद्या आणि सगळ्यांसाठी मिळून एक मोठा गरम पाण्याचा टब. दिवसभर काम करायचं, संध्याकाळी टबात बसायचं आणि मग जेवायचं.

मिटिंगमध्ये इलियासनी विचारलं होतं, “गरम झऱ्यात आंघोळ केलेलं कोणी आहे इथं?” माझा एकटीचाच हात वर गेला. मी वसईची. आमच्यापासून वज्रेश्वरी जवळ. मावशीचे गुडघे दुखायला लागले की आम्ही तिला तिथल्या अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर घेऊन जायचो. हे सांगितल्यावर विंग माझ्याच गळ्यात पडली. खरं सांगायचं तर मला ती हवीच होती.

नवी आठ माणसं घेतली. त्यांना मी स्वतः ट्रेनिंग दिलं. पाहुणा आधी बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबणानं अंग स्वच्छ धुणार, साबण पार निघून जाईल इतकं पाणी ओतून घेणार, आणि मगच टबात उतरणार. टब अंग धुवायला नाही, शेकायला आहे. अकलोलीलाही कुंडात साबण लावला की म्हातारी माणसं ओरडायची, तसंच. आणि सर्वांत महत्त्वाचं, एकाच पाण्यात सगळे बसतात. मानाचा पाहुणा आधी, बाकीचे त्याच्यामागून. सगळ्यांनी माना डोलावल्या, दत्तारामनं सगळ्यांत जास्त.

जुलैतल्या त्या संध्याकाळी जपानी कंपनीचे मोठे साहेब, मिस्टर हायाशी, आपल्या तीन इंजिनिअरांना घेऊन ट्रायलसाठी एक रात्र राहायला आले होते. त्यांना आवडलं तर कंपनी सगळी माणसं आमच्याकडे ठेवणार होती. नाही आवडलं तर विंगला कुलूप, आणि माझी आठही माणसं परत गावी. इलियासनी हे मला सकाळीच ऐकवलं होतं.

“अरे, पाणी तेच ठेवायचं म्हणून सांगितलं होतं ना?” मी दत्तारामला म्हटलं.

तो गुहागरकडचा. पन्नाशीला आलेला, कामाला वाघ. ब्रश हातात धरून तो उभा राहिला.

“सांगितलं होतं मॅडम. पण हात गेला. एकाच्या अंगाचं पाणी दुसऱ्याला कसं द्यायचं? आमच्याकडे पाहुणा आला तर घंगाळ घासून नवं पाणी काढतात. ते तर एवढ्या लांबून आलेत.”

मी रागावणार होते. पण त्याच्या जागी माझी आई असती तर तिनंही बूच आधी काढलं असतं आणि विचार नंतर केला असता. रागावून टब भरणार नव्हता.

तेवढ्यात इलियास आले. आत डोकावले आणि त्यांचा चेहरा पडला.

“फिलोमिना, व्हॉट इज धिस? पाणी कुठाय?”

मी सांगितलं.

“खलास!” ते दत्तारामकडे बघून म्हणाले. “उद्या याचं तिकीट. आणि पाण्याचं काय? यल्ला, लवकर भरा!”

भरायचं कशानं? हॉटेलचा बॉयलर मुख्य इमारतीत, त्याची लाइन बागेपर्यंत येत नव्हती. टबचा स्वतःचा हीटर छोटा. गार पाणी तापवायला त्याला पुरा दिवस लागायचा. त्यात आमच्या हॉटेलला आपल्या थंड पाण्याचा भारी अभिमान. आखातात उन्हाळ्यात नळाचं पाणी भाजतं, म्हणून पाहुण्यांसाठी टाकीतलं पाणी मशिननं गार केलेलं असायचं. ते भरलं असतं तर टब तापेपर्यंत जेवणाची वेळ केव्हाच टळून गेली असती.

आखातात उन्हाळ्यात नळाचं पाणी भाजतं. हे वाक्य डोक्यात आलं आणि मी तिथेच थांबले.

पाहुण्यांचं पाणी गार. आमचं नाही! विंगच्या मागेच भिंतीपलीकडे स्टाफची दुमजली इमारत होती. तिच्या गच्चीवर उघड्या उन्हात फायबरची मोठी टाकी. ते पाणी सगळा उन्हाळा आम्ही शिव्या घालत वापरायचो. आदल्या रात्री बादलीत भरून ठेवलं तरच दुसऱ्या दिवशी आंघोळ करता यायची. सावलीची सोय करा म्हणून मी दोनदा अर्ज दिला होता. दोन्ही वेळा उत्तर आलं, इन्शाल्ला, पुढच्या वर्षी.

मी चीफ इंजिनिअर नायरना फोन लावला. “नायरसाब, स्टाफवाली टंकी साफ है ना?”

“पिछले हफ्ते ही धुलवाया, मॅडम. लेकिन पानी तो उबल रहा है.”

“वही चाहिये. सबसे मोटा पाइप लेके आओ.”

इलियास माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघत होते. मी म्हटलं, “सर, तुम्ही पाहुण्यांजवळ बसा. किचनला गार बार्ली टी आणि कलिंगड पाठवायला सांगा. बाकी माझ्यावर सोडा.” जनरल मॅनेजरला मी अशी ऑर्डर पहिल्यांदाच दिली आणि त्यांनी ती मुकाट्यानं पाळली.

गच्चीवरून पाइप खाली आला, भिंतीवरून आत आला. दत्तारामनं टब नुसत्या पाण्यानं तीनतीनदा धुऊन काढला, घासायच्या पावडरचा वास राहू नये म्हणून. मग पाणी सोडलं. लाकडावर पडताच वाफ उठली. मी थर्मामीटर धरून काठावर बसले. जरा जास्तच गरम होतं. मी दत्तारामला हॉटेलच्या गार पाण्याच्या बादल्या आणायला लावल्या. एकेक बादली ओतायची, ढवळायची, बघायचं. जपानी लोकांना पाणी जेवढं गरम आवडतं तिथे काटा आला तेव्हा बाहेर अजून उजेड होता.

तिघं पाहुणे आत गेले. थोड्या वेळानं आतून एक लांबलचक “आऽऽ” ऐकू आलं. मी नायरकडे बघितलं, नायरनी माझ्याकडे. दत्ताराम आमच्याकडे पाठ करून भिंतीशी उभा होता. त्याचे डोळे भरले होते आणि ते कोणाला दिसू नयेत म्हणून तो पाइप गुंडाळत होता.

जेवणाच्या वेळी हायाशींनी आम्हाला बोलावलं. साठीचे, कमी बोलणारे गृहस्थ. इंग्लिश तुटक पण स्पष्ट.

“माझी माणसं म्हणतात पाणी फार छान होतं. माझ्या वेळच्या पाण्यापेक्षा छान. मऊ. कुठलं पाणी?”

इलियासनी हसून हात पसरले. “सर, इथे डोंगरात नॅचरल झरे…”

फुजैराच्या डोंगरात झरे आहेत, हे खरं. पण आमच्या टबात त्यांचा थेंबही नव्हता. आणि ज्या माणसानं जन्मभर झऱ्यांत आंघोळ केली त्याला फसवायला निघालो, तर उरलेली अब्रूही गेली असती.

“नाही सर,” मी मध्येच म्हणाले. इलियासचा हात हवेतच राहिला. “ते स्टाफच्या टाकीतलं पाणी आहे. उन्हात तापलेलं.”

मग सगळंच सांगितलं. दत्तारामनं पाणी का सोडलं, त्याच्या गावी पाहुण्यासाठी नवं पाणी कसं काढतात, आम्ही पाइप कसा ओढला. हायाशी शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, “त्या माणसाला बोलवा.”

दत्ताराम आला तो मान खाली घालून. हायाशी उठले आणि त्याच्यापुढे कमरेत वाकले. दत्ताराम इतका गोंधळला की त्यानं आधी हात जोडले, मग सलाम केला, मग तोही वाकला.

“आमच्या र्योकानमध्ये जुनी माणसं असतात,” हायाशी इलियासना म्हणाले, “पाहुण्याची अशी काळजी करणारी. आता मिळत नाहीत. टबावर हाच माणूस ठेवा. फक्त पाणी फेकायचं नाही, एवढं शिकवा.”

मला जन्मात इतका अभिमान वाटला नव्हता. माझा माणूस, माझी विंग.

पाहुणे झोपायला गेल्यावर इलियास माझ्याकडे आले. “हबीबती, तू आज मला वाचवलंस. बोल, काय पाहिजे?”

मला पगारवाढ सुचली नाही असं नाही. पण मी म्हटलं, “स्टाफ बिल्डिंगवर दुसरी टाकी. सावलीत. जुनी राहू दे उन्हात, ती आता टबची.”

“पुढच्या वर्षी, इन्शाल्ला…”

“मिस्टर हायाशी अजून जागे असतील सर. त्यांना विचारू का, उन्हाचं पाणी स्टाफनं वापरायचं की पाहुण्यांनी?”

ऑगस्ट लागायच्या आत टाकी आली. कंपनीची माणसं ऑगस्टमध्येच राहायला आली, आणि मी रिटायर होईपर्यंत विंग रिकामी राहिली नाही. टाकी बसली त्या दुपारी दत्ताराम ड्यूटी संपवून सरळ बाथरूममध्ये शिरला. बादलीबिदली काही न भरता नळ सोडला आणि आतून मोठ्यानं ओरडला, “मॅडम, गार आहे!”

माझ्या नोकरीतला धडा एवढाच. साहेबाकडे काही मागायचं तर पाहुणा खूश असताना मागावं, आणि आधी सगळ्यांसाठी मागावं. पगारवाढ मी पुढच्या महिन्यात मागितली. तीही मिळाली.