आईच्या उजव्या हातातला चुडा

आईच्या छातीतली गाठ मुंबईला जाऊन काढली, तेव्हा उजव्या काखेतल्या गाठीही काढल्या. निडीजवळच्या आमच्या गावात मात्र आम्ही पित्ताशयाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. पित्ताशय हा अवयव त्याआधी आमच्या घरात कोणाच्या खिजगणतीत नव्हता, पण खोटं बोलायला तो बरा पडला. कारण एकच, माझ्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं. आईला असला आजार म्हटल्यावर लोक मुलीकडे कसे बघतील, या धास्तीने आईवडिलांनी तोंडाला कुलूप घातलं आणि मलाही घालायला लावलं.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं होतं. रक्ताला ढकलायला हृदय असतं. पण अंगात आणखी एक पाणी फिरतं, त्याच्यामागे असं कोणी नाही. हात हलला की ते थोडं थोडं वर सरकतं, काखेत सगळ्यांनाच असतात त्या बारीक गाठींतून गाळलं जातं आणि शेवटी रक्ताला मिळतं. जंतूंना अडवणाऱ्या पेशीही त्या गाठींतच असतात. त्या काढल्यामुळे आता आईच्या उजव्या हातातलं पाणी निघून जायला वाट कमी आणि राखणही कमी.

"म्हणजे खाचराचं तोंड बुजल्यासारखं," वडील म्हणाले. भात आणि वाल करण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

त्या हाताला सुई नको, रक्तदाबाचा पट्टा नको, जड हंडा नको, घट्ट बांगडी नको, आणि खरचटलं तर लगेच दाखवायचं. आईने ते मनावर घेतलं. वालाच्या शेंगा ती डाव्या हाताने खुडायला शिकली. उजव्या हातात एकच सैल बांगडी ठेवायची. शेजारणी विचारायच्या, तर म्हणायची, "उकाड्यानं पुरळ उठतं गो." हात अगदी छान राहिला होता.

मग पेणचं स्थळ जमलं. रामवाडीतलं घर, माणसं साधी, मला मुलगा आवडलेला. आईच्या आजाराचा विषय कोणी काढला नाही, आम्ही तर काढणारच नव्हतो.

हळदीच्या आदल्या दिवशी रोह्याहून कासार आला. आमच्याकडे चुडा सासरचा असतो, म्हणून सासूबाई आणि त्यांच्या जाऊबाई मुद्दाम पेणहून आल्या होत्या. ओटीवर सगळ्या बायका गोल बसल्या. माझे हात भरून झाल्यावर आत्याने आईला पुढे ढकललं. नवरीच्या आईचे दोन्ही हात गच्च भरलेले हवेत, हे काही आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. आईने डावा हात पुढे केला. तो भरला. मग कासार उजव्यासाठी थांबला.

मी आईकडे बघितलं. तिने भुवई किंचित उडवली, म्हणजे गप्प बस. समोर विहीणबाई बसलेल्या. उजवा हात का नको, याचं उत्तर पुरळावर भागलं नसतं, निदान तिला तरी तसं वाटलं असणार. तिने हात पुढे केला. कासाराने साबण लावून हात दाबून दाबून बांगड्या चढवल्या. शेवटच्या दोन चढवताना एक मोडली आणि मनगटाशी बारीक ओरखडा उठला. आईने पदराने रक्त टिपलं आणि दुसरी चढवून घेतली. बायका हसल्या, एकीने उखाणा घेतला, आणि मला त्या सगळ्यांचा विलक्षण राग आला.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी तिचा हात तापला. लग्नाच्या सकाळी बांगड्या मांसात रुतल्या होत्या. आत्याच्या लक्षात आलं, वडिलांच्याही आलं. बांगड्या वाढवाव्या लागतील, असं ते चाचरत म्हणाले. वाढवायच्या म्हणजे फोडायच्या, पण सवाष्णीच्या बांगडीला तो शब्द आम्ही लावत नाही. आत्याने हात जोडले.

"देवक उठल्याबिगर नाय हो दादा. पोरीच्या लग्नात आयशीचे हात मोकळे करायचे नायत."

आईच म्हणाली, "एक दिवसानं काय होतंय?" अंगात ताप असताना तिने माझं कन्यादान केलं आणि हसत फोटो काढून घेतले. ते फोटो माझ्याकडे आहेत. तिने उजव्या हातावर शालू ओढून घेतलाय.

दुसऱ्या दिवशी तिला थंडी वाजून ताप चढला, तेव्हा देवकाचं कोणाला सुचलं नाही. पेणला दवाखान्यात आणलं. नर्सने कापसाची घडी आत सरकवून एकेक बांगडी कापली. हात कोपरापर्यंत लाल, तुकतुकीत झाला होता. सलाइन डाव्या हाताला लावलं. चार दिवसांनी ताप उतरला, सूज मात्र फारशी उतरली नाही. डॉक्टर म्हणाले, आता पट्टी बांधायची, रोज चोळायचं, पण हात पहिल्यासारखा होणं कठीण. आईने शांतपणे ऐकून घेतलं. आजही तो हात डाव्याच्या दीडपट आहे, भाकरी थापताना मध्येच थांबून तो उशीवर ठेवावा लागतो.

पण मला जे विसरता येत नाही ते डॉक्टरांनी हे सांगितलं त्याच दुपारचं. सासूबाई पेजेचा डबा घेऊन आल्या. आईने घाईने हात चादरीखाली घेतला आणि पित्ताशयाचं काहीतरी सुरू केलं. सासूबाईंनी डबा खाली ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, विहीणबाई. आमाला सुपारी फुटायच्या आधीपासून ठाव हाय. मुंबईत त्याच दवाखान्यात आमच्या भाचीचं चाललं व्हतं, तिनं तुमाला बघितलं. पोरगी चांगली, घर चांगलं, आमचं काय अडलं नाय. तुमी सांगत नव्हता, म्हून आमी विचारलं नाय. तुमाला वाईट वाटलं असतं."

आईने हात चादरीबाहेर काढला.

"मग त्या दिवशी मी एकाच हातात भरल्या असत्या, तर चाललं असतं?"

"व्हय की," सासूबाई म्हणाल्या. "न चालायला काय झालं?"

आईने भिंतीकडे तोंड वळवलं आणि ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा मी तिला रडताना बघितलं.