डॉयलच्या हाताची मूठ

व्हर्लिन स्टँपर आमचे शेजारी. केंटकीच्या डोंगरातल्या लाकूड कापायच्या गिरणीत त्यांची सगळी हयात गेली. काम सुटल्यावर ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर लोकांच्या पिस्तुलांच्या तडकलेल्या मुठी सांधून देऊ लागले. बायको वारलेली, त्यामुळे टेबलावर भुसा सांडला तरी बोलणारं कुणी नव्हतं.

पानगळीच्या दिवसांत वेंडेल नावाचा एक माणूस ओहायोहून जुनं रिव्हॉल्व्हर घेऊन आला. मी मक्याचा पाव द्यायला गेले होते, म्हणून समोरच होते. मुठीची अक्रोडी फळी स्क्रूपर्यंत चिरली होती. शिवाय खाली करंगळीच्या जागी लाकडाचा उंचवटा होता. तो हाताला रुततो, तेवढा तासून टाका, असं त्याचं म्हणणं.

व्हर्लिननी आधी आत गोळी नाही ना ते पाहिलं. मग स्क्रू काढला, फळी उलटीसुलटी केली आणि उंचवट्यावरून अंगठा फिरवला.

"ही मीच केलीय," ते म्हणाले. "माझ्या भावासाठी. करवतीत त्याची करंगळी गेली, मग पकड सुटायची. म्हणून हा उंचवटा."

हा भाऊ म्हणजे डॉयल. आईच्या जमिनीवरून दोघांचं वाजलं आणि डॉयल उत्तरेला कारखान्यात निघून गेला, तो कायमचा. एवढं गावाला ठाऊक होतं. ह्या मुठीबद्दल मात्र ते कधी बोलले नव्हते.

वेंडेलनं हे रिव्हॉल्व्हर ओहायोतल्याच डेटन शहरातल्या एका दुकानातून घेतलं होतं. विकणारा म्हातारा तेव्हा तिथंच होता, घर आवरून मुलीकडे चाललोय म्हणत होता.

"त्याला बोटं किती होती?"

"हात खिशात होते, काका. लक्ष नाही गेलं."

"खिशातच ठेवायचा तो," व्हर्लिन म्हणाले. "पोरी समोर असल्या की हमखास."

उंचवटा त्यांनी तासला नाही. वेंडेलला नव्या अक्रोडाची मूठ बसवून दिली आणि जुनी मागून घेतली. मग चिरेत मुरलेलं तेल साफ केलं, डिंकात अक्रोडाचा भुसा कालवून भरला, रबरानं आवळून वाळू दिलं, घासून तेल पाजलं. चीर शोधूनही सापडेना.

"आता बसवणार कशावर?" मी विचारलं.

"कशावरच नाही. पण फुटकी कशी देऊ त्याला?"

पुढच्याच आठवड्यात, जन्मात पहिल्यांदा, ते बसनं डेटनला गेले. दुकानदाराला करंगळी नसलेला म्हातारा चांगला आठवत होता, पण पत्ता माहीत नव्हता. मुलगी फ्लोरिडात असते, एवढंच तो सांगू शकला.

ते परत आल्यावर मी त्यांच्यापुढे कॉफी ठेवली.

"फ्लोरिडात सगळीकडे समुद्रच ना गं?"

"असेल की."

"डॉयलला पोहता येत नाही," ते म्हणाले.