चीवराचं तबक

लेकाचा फोन आला त्या दुपारी लमदुअनने ‘पिवळा पोपट’ बारची घंटा स्वतःच वाजवली. पट्टायाच्या त्या गल्लीत असं कधी घडलं नव्हतं. घंटा वाजवायची ती गिऱ्हाइकाने, आणि ज्याने दोरी ओढली त्याने साऱ्या बारला एकेक पेला पाजायचा. ज्यांना पेला हवा त्यांनी ताबडतोब हात वर करायचा, म्हणजे गल्ल्यावरून हात मोजता येतात. ज्याचा हात खाली राहिला तो कोरडा राहिला. त्यामुळे या गल्लीतल्या पोरींचं असं झालेलं की घंटेचा टणत्कार आधी हाताला कळतो, डोक्याला मागाहून.

टण्ण झालं आणि झाडून सगळ्यांचे हात वर गेले. नखं रंगवत बसलेल्या जुमचा तर ब्रशसकट गेला.

“कोणी वाजवली?” जुम ओरडली. “ताई, तू? बरं नाही का तुला?”

“माझा वीरयुत भिक्खू होतोय!” लमदुअन म्हणाली, आणि गल्ल्यामागे उभी असलेली ती बेचाळिशीची बाई लहान पोरीसारखी उड्या मारायला लागली. “आषाढी पौर्णिमेला दीक्षा. अगं, माझा लेक! चीवर घालणार!”

मग काय विचारता. कोणी रडलं, कोणी नाचलं. दर वर्षी थंडी चुकवायला येणारा आणि यंदा पावसातच टपकलेला जर्मन म्हातारा उवे कोपऱ्यात बसला होता. त्यानेही कशासाठी ते न कळता हात वर करून ठेवला होता.

लमदुअन या गल्लीत आली तेव्हा तिची विशी होती. नवरा पळालेला, पोर अंगावरून नुकतं सुटलेलं. पोराला तिने दूर ईशान्येला रॉय-एतकडच्या गावी थोरल्या बहिणीच्या, खामपुनच्या ओटीत टाकलं आणि बस पकडली. सुरुवातीची वर्षं तीही उंच स्टुलावर बसायची. परदेशी पुरुषांच्या सोबतीला जायची, दुपारी झोपायची, महिन्याला घरी पैसे धाडायची. त्या दिवसांबद्दल ती फारसं बोलत नाही. एकदाच जुमला म्हणाली होती, “हसून हसून गाल दुखायचे गं. बाकीचं अंग दुखायचं त्याचं काही नाही, पण गाल!” पुढे बारच्या मालकिणीने तिची हुशारी हेरली आणि तिला पोरींची देखभाल करायला गल्ल्यामागे उभं केलं. तेव्हापासून ती उभीच आहे.

या कामात दोन्हीकडच्या काळज्या तिच्याच पदरात. पाहुण्यांच्या काळज्या ठरलेल्या असतात. बर्फ चांगला आहे ना? स्कूटर भाड्याने घेताना पासपोर्ट गहाण ठेवू का? (मुळीच नको, बाबा.) मशिनने कार्ड गिळलं. पाण्यावरची स्कूटर देणारा पोरगा म्हणतो, ओरखडा मीच पाडला. पोट बिघडलं. प्रेमात पडलो. शेवटच्या दोन्हींवर लमदुअन एकच उपाय सांगते: भरपूर पाणी प्या आणि दोन दिवस खोलीतच पडून राहा. पोरींच्या काळज्या मात्र कुठल्याही प्रवासी पुस्तकात नसतात. हा माणूस दार बंद झाल्यावर कसा वागेल? म्हणून पोरगी कोणाबरोबर बाहेर निघाली की लमदुअन त्याच्या हॉटेलच्या किल्लीवरचं नाव वाचते, त्याच्या डोळ्यांत रोखून बघते आणि गोड हसून म्हणते, “उद्या दुपारी हिला घ्यायला मीच येते हं.” एकदा एकाला हे हसणं समजलं नाही. तेव्हा ती खरंच गेली होती, आणि जाताना रिक्षावाल्यांचा अख्खा थांबा बरोबर नेला होता.

हे सगळं गावाला अर्थातच माहीत नव्हतं. गावाच्या लेखी लमदुअन एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत मुकादम होती. तिने धाडलेल्या पैशांतून घरावर कौलं चढली, वीरयुत शिकला, आणि गाव म्हणत राहिलं, लाँड्रीत बरीच बरकत दिसते.

खरं काय ते फक्त खामपुनला ठाऊक होतं. ती आता सरपंचाची बायको. तरुणपणी तीही काही वर्षं बँकॉकला शिलाई कारखान्यात होती, पण सुई-दोऱ्याचं काम कसं मानाचं, हे लमदुअनला तिने इतक्यांदा ऐकवलं होतं की तिला ते पाठ झालं होतं. लेकाच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी खामपुनचाच फोन आला.

“ये, जरूर ये,” ती म्हणाली. “पण एक आधीच सांगते. चीवराचं तबक मी धरणार.”

दीक्षेच्या मिरवणुकीत चीवराचं तबक धरायचं ते आईने. लेकाला चीवर हातात द्यायचं तेही आईने. त्या चीवराचं टोक धरूनच आई स्वर्गाला जाते, असं तिकडच्या प्रत्येक बाईला लहानपणापासून सांगतात. लमदुअनने इतकी वर्षं कशाकडे बघून काढली असतील, तर त्या टोकाकडे.

“आई मी आहे, ताई,” ती हळूच म्हणाली.

“वाढवला कोणी? त्याचा ताप कोणी काढला? आणि लोक बोलतात गं. काहींना संशय आहेच. तू उशी घे. नव्या भिक्खूची उशीही घरच्याच माणसाने धरायची असते. त्यातही पुण्य आहे.”

वाढवला खामपुननेच, हे खरंच होतं. “बरं,” लमदुअन म्हणाली. “उशी घेते.” फोन ठेवल्यावर तिने गल्ला तीनदा पुसला.

पण आनंद असा होता की तो उशीखालीही दबेना. मिरवणूक संपली की दीक्षार्थी गर्दीवर नाणी उधळतो. ती नाणी आधी रंगीत फितींत गुंडाळून त्यांची फुलं करायची असतात. रोज दुपारी पोरी बारच्या फळीवर फितींचे ढीग घेऊन बसू लागल्या. गिऱ्हाईक आलं की जुम त्याच्या हातात पेल्याआधी फीत द्यायची. “आधी फूल, मग बिअर.” लांबलांबून कसल्या कसल्या अपेक्षेने आलेले पुरुष मुकाट्याने माना खाली घालून फिती दुमडत बसले. उवेची फुलं कोबीसारखी व्हायची, पण त्याच्याइतकं मन लावून कोणी करत नव्हतं.

आणि लमदुअनच्या डोक्यात आणखी एक गोष्ट आली. उशी तर उशी, पण विहाराला लेकाच्या नावाने काहीतरी द्यायचं. जन्मभर राहील असं. ती बाजारात गेली आणि एक पितळी घंटा पसंत केली.

“कुठल्या बारसाठी?” दुकानदाराने विचारलं.

“विहारासाठी!” लमदुअन तोऱ्यात म्हणाली.

दुकानदार हसला. “घ्या की. देवळाला काय, बारला काय, आमच्याकडे साचा एकच.”

लमदुअनचे पाय जमिनीवर नव्हते. तिने ते ऐकलं आणि विसरून गेली.

आषाढी पौर्णिमेला आणि दुसऱ्या दिवशी देशभर दारूबंदी असते. गल्लीतले सगळे बार बंद, म्हणून सगळ्या पोरी मोकळ्या. आदल्या रात्री बार मिटल्यावर गावाला न्यायची बस दाराशी उभी राहिली तेव्हा उवेही पिशवी घेऊन हजर.

“तू नाही,” लमदुअन म्हणाली. “लाँड्रीच्या बायकांबरोबर परदेशी म्हातारा कशाला, असं विचारलं तर काय सांगू?”

त्याचा चेहरा पडला. मग त्याने शर्टाच्या आतली पासपोर्टची पिशवी चाचपली, त्यातून पोटाच्या गोळ्यांचं पाकीट काढलं आणि तिच्या हातात दिलं. “लांबचा प्रवास आहे,” तो गंभीरपणे म्हणाला. “बर्फ खाऊ नका.” लमदुअनला इतकं हसू आलं की तिने त्याच्या टकलावर ओठ टेकले.

बसमध्ये तिने पोरींना पढवलं. पांढरे ब्लाउज, पायघोळ रेशमी वस्त्रं, लिपस्टिक पुसा, गोंदणावर पावडर फासा.

“आपण लाँड्रीत काम करतो. लक्षात ठेवा. जुम, तुझ्याकडे चादरी.”

“मग खोटं कुठे आहे, ताई?” जुम म्हणाली. “चादरीच तर चुरगाळते!”

बस हसून हसून हलली. ड्रायव्हरने आरशातून बघितलं आणि गाणं मोठं केलं.

गाव गाठल्यावर सगळं भराभर घडलं. वीरयुतचे केस उतरवताना पहिली बट खामपुनने कापली, दुसरी लमदुअनने, आणि दोन्ही कमळाच्या पानावर ठेवल्या. भुवयासुद्धा भादरल्यावर तो तान्ह्या पोरासारखा दिसायला लागला. तो दोघींच्या पाया पडला, चुकलंमाकलं माफ करा म्हणाला. लमदुअनला सांगायचं होतं की माफी मी मागायला हवी. तिने त्याच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला. एकदा चीवर अंगावर आलं की कुठल्याही बाईने, आईनेसुद्धा, त्याला शिवायचं नसतं. म्हणून तिने हात जरा जास्तच वेळ ठेवला.

“आई, तबक कोण धरतंय?” त्याने विचारलं.

“मावशी. मी उशी घेते.”

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग खामपुनकडे पाहिलं. त्याला ते आवडलेलं नव्हतं, हे लमदुअनला दिसलं आणि तेवढ्यानेही तिचं काळीज सुपाएवढं झालं.

मिरवणूक! लांब ढोल, गाडीवर कर्णा, पांढऱ्या वस्त्रातला वीरयुत मित्राच्या खांद्यावर, आणि पुढे नाचणाऱ्या ‘पिवळा पोपट’च्या पोरी. गावातल्या म्हाताऱ्यांनी असा नाच बघितला नव्हता. “लाँड्रीत हे पण शिकवतात का?” एकाने विचारलं. दीक्षामंडपाला तीन फेऱ्या झाल्या. वीरयुतने नाणी उधळली आणि रंगीत फुलांवर पोरांच्या उड्या पडल्या. उवेचे कोबीसुद्धा कोणीतरी उचलले.

मग सगळे शांत झाले. वीरयुत पायऱ्यांवर उभा राहिला. समोर तबक घेतलेली खामपुन. तिच्या बाजूला छातीशी उशी धरून लमदुअन. मागे पोरी, हात जोडून, इतक्या सोज्वळ की ओळखू येऊ नयेत. विहाराच्या थोरल्या भंतेंनी लमदुअनने दिलेल्या, सकाळीच टांगलेल्या नव्या घंटेकडे बोट केलं. विहाराच्या सेवकाने दोरी ओढली.

टण्ण!

तोच आवाज. अगदी तोच. लमदुअनला दुकानदाराचा साचा आठवला, पण तोवर उशीर झाला होता. साऱ्या पोरींचा उजवा हात वर गेला होता. जुमच्या तोंडून तर “इकडे!” असंही निघून गेलं.

लमदुअनचा हात वर गेला नाही. तिला गल्ल्यामागून हात मोजायची सवय. तिचे डोळे आपोआप फिरले आणि मोजायला लागले. जुम, तिच्या मागच्या दोघी, मग सगळी रांग. स्वयंपाकाच्या मांडवातून एक हात वर आला होता, त्यात भाताचा डाव होता. भिंतीपाशी बसलेल्या एका आजीबाईचा हात अर्ध्यावर थांबला होता. आणि अगदी जवळ, तिच्या खांद्याला खांदा लावून, सोन्याच्या बांगड्यांचा एक हात सरळ आभाळाकडे गेला होता.

खामपुनचा.

तबक एका बाजूला कललं. चीवराची घडी घसरली. लमदुअनने उशी टाकली आणि दोन्ही हातांनी तबक खालून धरलं. चीवर जमिनीला लागलं नाही.

पुरुषांना काहीच कळलं नव्हतं. “हौशी आहेत शहरातल्या पोरी!” सरपंच कौतुकाने म्हणाला आणि सगळे हसले. बायका हसल्या नाहीत. मांडवातला डाव हळूच खाली गेला.

खामपुनने आपल्या वर गेलेल्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. मग तिने तो खाली घेतला. लमदुअन तबक परत द्यायला वळली. तिला वाटलं, खामपुन आता रागाने अंगावर येईल. इतकी वर्षं ऐकलेली शिलाई कारखान्याची सगळी वाक्यं लमदुअनच्या तोंडाशी आली होती. पण बहिणीचा चेहरा पाहिला आणि एकही बाहेर पडलं नाही. तसाच चेहरा तिने रोज दुपारी बारच्या स्टुलांवर पाहिलेला होता.

खामपुन वाकली. तिने धुळीतली उशी उचलली, झटकली आणि छातीशी धरली.

“पुढे हो,” ती म्हणाली. “वाट बघतोय तो.”

वीरयुत पायऱ्या उतरून आला होता. भुवया नसलेल्या त्या चेहऱ्यावर भलंमोठं हसू होतं. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. “दे, आई.”

लमदुअनने चीवर त्याच्या हातांत ठेवलं. ती रडत होती, हसत होती, आणि तिच्या गालांना काहीसुद्धा दुखत नव्हतं. तो उठला, वळला आणि दीक्षामंडपात गेला. दोघी बहिणी दारातच गुडघ्यांवर बसल्या, हात जोडून. आतून मंत्रांचा आवाज यायला लागला.

बऱ्याच वेळाने लमदुअनने मान न वळवता विचारलं, “ताई, कारखान्यात घंटा होती का गं?”

खामपुनने उशी आणखी घट्ट धरली. मग तितक्याच हळू आवाजात ती म्हणाली, “होती. तुझ्या घंटेपेक्षा मोठी.”