गव्हातल्या गोळ्या

"काकू, आधी सगळ्याइले बाहेर काढा. वाळवीचं मंग पाहू."

अकोल्यातल्या राऊतकाकूंना वाटलं, मी मजाक करतोय. मे महिन्याची दुपार होती. माझं काम पेस्ट कंट्रोलचं. चौकटीला वाळवी लागली म्हणून त्यांनी बोलावलं होतं. पण दारातच मला सडक्या लसणासारखा वास आला. हा वास मला धान्याच्या गोदामातला ठाऊक. घरात तो यायलाच नको.

"गव्हात काही टाकलं काय?"

"काल गोळ्या टाकल्या. ह्यांच्या भावानं आणून देल्या. काहून?"

या गोळ्यांना हवेतला ओलावा लागला की विषारी गॅस सुटतो. किडे त्यानं मरतात. माणसंही मरतात. म्हणून गोदामात आम्ही पोत्यांवर जाड शीट टाकून कडा सील करतो, आणि आत कुणाला थांबू देत नाही. इथं गव्हाच्या कोठीचं झाकण धड बसत नव्हतं. कोठीच्या खोलीच्या दारातच कुलर मांडला होता. तो तिथली हवा ओढून थेट पुढच्या खोलीत फेकत होता. झळ नको म्हणून खिडक्या बंद.

"आत कोण हाये?"

"हे झोपले. अन् सून, पल्लवी. तिले सकाळपासून उलट्या होऊन राहिल्या. ऊन लागलं तिले."

ऊन लागलं तरी उलट्या आणि चक्कर, या गॅसनंही तेच. काकू सकाळपासून अंगणात कुरड्या घालत होत्या, म्हणून बऱ्या होत्या.

गाडीत मास्क होता, पण फवारणीचा. तो हा गॅस अडवत नाही. कुलर थांबावा म्हणून काकूंना बाहेरचा मेन स्विच बंद करायला लावला आणि श्वास रोखून आत शिरलो. पल्लवी भिंत धरून कशीबशी बाहेर आली. काका गादीवरून उठेनात.

"बाहेर आग पडून राहिली. कुठी नेऊन राहिला मले?"

जीभ जड झाली होती. एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. माझा दम संपला. बाहेर पळालो, श्वास भरला, परत आत गेलो. गादीसकट त्यांना ओढताना एकच वाटत होतं, आता आपणही इथंच पडणार.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, "उष्माघात दिसतो."

"नाही सर. गव्हातल्या गोळ्यांचा गॅस आहे. फॉस्फिन."

"नक्की?"

"नक्की."

त्यांचा चेहराच बदलला. काकांना लगेच आयसीयूत हलवलं. या गॅसवर उतारा नाही. श्वास आणि हृदय सांभाळत वाट पाहायची, एवढंच.

पल्लवी सावरली. काकांचं बीपी मात्र वर येईना. काकू माझ्या शेजारी बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "गव्हाचं औषधच तं होतं ना भाऊ ते?"

काका वाचले. जिना चढताना अजून मध्येच थांबतात.

ती गोळी घरात वापरायची नसते. गहू कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा वाळका पाला घालून झाकण पक्कं लावलं, तरी घरापुरतं भागतं. आणि गिऱ्हाइकाशी बोलताना मी आता औषध म्हणत नाही, विष म्हणतो. काही जण घाबरून फोन ठेवतात. ठेवू देत.