मावशीचा एल रोई

"पाय दाखव."

नाव नंतर, गाव नंतर. फाटकातून नवा माणूस आत आला की मावशी आधी हेच म्हणायची. माणूस बुजला तर स्वतःच खाली बसायची, त्याचा पाय मांडीवर घ्यायची आणि तळवा उजेडाकडे वळवायची. मी आलो त्या दिवशी माझाही घेतला. मी घाईनं म्हणालो, "मला रोग नाही. मी चपला शिवायला आलोय."

"मंग काय झालं? चपलावाल्याले पाय नसते का?"

सत्तर सालाच्या आसपास तुमच्यापैकी कोणी मोहाडीच्या रस्त्यानं गेलं असेल, तर भातखाचरांपलीकडे, इथं त्यांना धानाच्या बांध्या म्हणतात, आमचा दवाखाना दिसला असेल. किंवा नसेलही. एस.टी.तली बरीच माणसं तिथं आल्यावर दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघायची. महारोग्यांचा दवाखाना होता तो, मिशनचा.

मी कोल्हापूरकडचा. सातवीतून शाळा सुटली, चुलत्याच्या हाताखाली चप्पल शिवायला शिकलो आणि एका ओळखीच्या माणसानं इतक्या लांब आणून सोडलं. इथल्या चपला वेगळ्या होत्या. मऊ काळं रबर, वर रुंद पट्टे, सगळं शिवायचं नाहीतर चिकटवायचं. खिळा एकही मारायचा नाही. कारण या रोगात पायाची जाणीव मरते. काटा रुतो की निखारा लागो, माणूस तसाच चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. म्हणून पायाला जे कळत नाही ते डोळ्यांनी बघायचं, आणि रोज बघायचं. हे काम मावशीचं.

दिवस कलला की सगळे पेशंट पाय धुऊन व्हरांड्यात ओळीनं बसायचे, तळवे बाहेर करून. मावशी आपला बुटका स्टूल सरकवत सरकवत एकेकाचा पाय बघत जायची. ओळीच्या शेवटी एक म्हातारा असायचा, रोगानं डोळेही गेल्यात जमा. त्याच्याशी तिचं रोजचं भांडण.

"बुढ्या, हे पाय हाय का उन्हाळ्यातली बांधी? कवढ्या भेगा."

"तेल देत नाईस तं काय होईन?"

"तेल देलं तं भाजीत टाकशीन तू."

"पाहून घे बाई मुकाट्यानं. मले तं तू बी धुकट दिसतं."

सगळ्यांचं झालं की ती कोपऱ्यात बसून बाजारातल्या लहानशा आरशात स्वतःचे तळवे बघायची. कारण ती स्वतः याच रोगातून उठली होती. रोग गेला, पण पायांची जाणीव परत आली नाही.

मी स्वभावानं भित्रा. घरून खबर आली नाही की आईला काही झालं असेल, रोग मलाही लागेल, असं काहीबाही मनात फिरायचं. पहिल्याच वर्षी एके दुपारी मी गाठोडं बांधलं आणि निघालो. पण पाय उचलेना, विहिरीच्या काठावर बसून राहिलो. मावशी पाण्याला आली. गाठोडं बघून घागर खाली ठेवली.

"कुठून आला, अन् कुठं चालला?"

ती शेजारी बसली आणि शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, एका दासीची गोष्ट सांगू लागली. परक्या मुलखातली बाई, मालकिणीच्या जाचानं पळालेली, रानात एका झऱ्यापाशी बसलेली. तिथं देवानं तिला हाच सवाल केला, कुठून आलीस आणि कुठं चाललीस.

"तिच्या मालकाच्या घरी तिले कोनी नावानं हाक मारत नव्हतं, बापू. दासी म्हनत. या देवानं तिले नावानं हाक मारली. मंग तिनं बी देवाले नाव देलं. एल रोई. म्हंजे मले पाहनारा देव. इब्री भाषा हाय, पाळकसाहेबानं सांगतलं."

मग म्हणाली, "अंगावर चट्टे आले तवा आसगावले सासरच्यांनी मले वावरात खोपडी बांधून देली. भाकर वावराच्या कडंले धुऱ्यावर ठेवत अन् तोंड फिरवून जात. किती सालं माह्या तोंडाकडं कोनी पाह्यलं नाई. इथं येऊन ते नाव आयकलं, अन् म्हनलं, हाच माहा देव."

"आणि त्या दासीचं पुढं काय झालं?"

"देवानं वापस पाठवलं तिले. मालकिणीकडंच." ती उठली, घागर उचलली. "चाल, तुही चपलेची सुई गंजून राहिली."

मी राहिलो. आज जे चार घास खातो ते तिच्या त्या सवालावर.

असे दहाएक पावसाळे गेले. एका बाजाराच्या दिवशी ती मोहाडीला गेली होती. तिथं चपलेचा पट्टा तुटला. रस्त्याच्या कडेला बसलेल्या मोच्यानं म्हातारी अनवाणी जाईल म्हणून मायेनं दोन खिळे ठोकून दिले. कुणीही हेच केलं असतं. ती चालत परत आली. फाटकाशी एक पोरगी बसलेली, भाऊ तिला तिथं सोडून निघून गेलेले. पोरगी उठेना, बोलेना, आणि मावशीचा पदर सोडेना. मावशीची ती संध्याकाळ पोरीपाशीच गेली, पुढच्याही दोन-तीन. आरसा कोनाड्यात राहिला.

मग एका सकाळी तिच्या चपलेच्या रबरावर मला काळा डाग दिसला. बोट आत घातलं तर खिळ्याचं टोक लागलं.

चप्पल घेऊन मी धावत गेलो. तिनं पाय मांडीवर घेतला, नेहमी दुसऱ्याचा घ्यायची तसाच, आणि बघत राहिली. घोट्यापर्यंत काळा पडला होता.

ताप चढत गेला. पाय कापावा लागेल, नागपूरला न्या, असं डॉक्टर म्हणाले. जीप येईपर्यंत मी तिच्या खाटेपाशी बसलो होतो. मनात होतं ते तोंडातून गेलंच.

"तुझा देव पाहत होता ना, मावशी? मग खिळा घुसताना काय करत होता?"

तिनं मान माझ्याकडं वळवली.

"तू एष्टीत बसला तवा तुही माय आली होती ना?"

"आली होती."

"थांबवलं तिनं?"

"नाही."

"मंग तिले दिसलं नाई का?"

आई स्टँडवर उभी होती, गाडी वळेपर्यंत.

"मले बी समजत नाई, बापू," ती म्हणाली. "काहून थांबवत नाई, कायले पाठवते, काईच नाई समजत. पन पाहून राहिला, एवढं मी सोडत नाई." मग डोळे मिटून म्हणाली, "अन् त्या मोच्याले बोलू नको. त्याले काय मालूम."

जीपमध्ये ठेवताना तिनं माझ्याकडं हात केला. "पाय दाखव." मी चप्पल काढून पाय वर धरला. तिनं तापल्या डोळ्यांनी तळवा पाहिला आणि मान हलवली.

मावशी परत आली नाही. पाय कापला, तरी विष अंगात भिनलं होतं. खबर आली त्या दिवशी दवाखान्यात कुणी मोठ्यानं रडलं नाही.

दिवस कलला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांनी पाय धुतले आणि व्हरांड्यात ओळीनं बसले, तळवे बाहेर करून. ती नवी पोरगीसुद्धा. स्टूल होता तिथंच होता. कुणी त्याच्याकडं बघेना. मला काय करावं कळेना, म्हणून मीही ओळीच्या शेवटी, म्हाताऱ्याजवळ जाऊन बसलो.

अंधारून यायला लागलं. तेव्हा म्हातारा वळला, झडलेल्या बोटांच्या दोन्ही हातांनी चाचपत माझा पाय शोधला, मांडीवर घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. तसाच बसून राहिला.

"बाबा," मी म्हणालो, "तुम्हाला दिसत नाही."

"नाई दिसत," तो म्हणाला. "पाहून राहिलो. तू गप बस."