शीआत्याने चमक मारली

शीआत्याला हे नाव तिच्या भाचीने दिलं. भाची तेव्हा नुकती बोलायला लागली होती आणि तिच्या लेखी 'शी' या शब्दाला एकच अर्थ होता. आत्याने ओलं पायपुसणं बघून 'शी!' म्हटलं, की पोर दुडुदुडु धावत जायची, आपलं प्लास्टिकचं भांडं घेऊन यायची आणि मोठ्या अगत्याने आत्यापुढे ठेवायची. घरातले हसून हसून लोळले आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे शेजारीपाजारी, दूधवाला, वाचनालयातले लोक, सगळ्यांचीच ती शीआत्या झाली.

आणि नाव शोभायचंही तिला. जगातल्या निम्म्या गोष्टींची तिला किळस होती आणि उरलेल्या निम्म्यांचा संशय. वाचनालयात परत आलेली पुस्तकं घ्यायच्या खिडकीवर तिची सगळी नोकरी गेली. बोटाला थुंकी लावून पान उलटणारा माणूस ती दारातूनच हेरायची. "अहो, पुस्तक आहे ते, चाटण नाही!" असं तिने भल्याभल्यांना सुनावलं होतं. लग्न राहिलं तेही असंच. मुलगा पसंत होता, दोन्ही घरं राजी होती. पण त्याने चहा ढवळलेला ओला चमचा सरळ साखरेच्या भांड्यात खुपसला. साखरेचे तपकिरी गोळे झालेले तिने बघितले आणि विषय संपला. "नवरा धुऊन घेता येत नाही," एवढंच ती आईला म्हणाली.

या नियमाला एकच अपवाद, तो म्हणजे दादा. लहानपणी दुधावरची साय बघितली की ती तोंड फिरवायची आणि आई तर प्याला रिकामा झाल्याशिवाय उठू द्यायची नाही. आईची पाठ वळली की दादा दोन बोटांनी ती साय उचलून तोंडात टाकायचा. बोटं सायकलच्या तेलाने काळी असायची. काळ्या बोटांनी उचललेली साय! आजही आठवलं तरी तिच्या अंगावर काटा यायचा. पण तिच्या वाटची किळस आयुष्यात कोणी गिळली असेल तर ती दादानेच, हे ती विसरली नव्हती.

दादा सायकलींचा मिस्त्री. वहिनी गेल्या, मग गुडघ्यांनी दगा दिला, दुकान बंद झालं, तसं त्याने दुकान घरात आणलं. हे शीआत्याला माहीत होतं, पण अर्धवट. तो पुढच्या खोलीत बसायचा, ती तिथेच उभ्याउभ्या डबा द्यायची आणि कशालाही हात न लावता परत फिरायची. आतल्या न्हाणीघरात काय चाललंय हे तिने कधी बघितलं नाही. खरं तर बघायचं टाळलंच.

ते कळलं दादा टबात घसरून पडला तेव्हा. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि घरी सोडायची वेळ आली तशी रुग्णालयातली नर्सबाई घर बघायला आली. भाची, म्हणजे दादाची मुलगी, परगावी नोकरीला, म्हणून किल्ली घेऊन शीआत्या गेली. न्हाणीघराचं दार उघडलं आणि दोघी एकदमच म्हणाल्या, "शी!"

टब होता की गटाराचं तोंड, सांगणं कठीण होतं. दादा त्यात पंक्चर शोधायचा. ट्यूबमध्ये हवा भरायची, पाण्यात बुडवायची, बुडबुडे कुठून येतात बघायचं. साखळ्याही तो त्यातच रॉकेलने धुवायचा. त्यामुळे टबाच्या पोटाला सगळीकडून काळं, रबरासारखं लिबलिबीत कडं बसलं होतं. तळाशी ग्रीसचा थर, त्यात अडकलेले केस, साबणाची विरघळलेली वडी आणि एक मेलेलं झुरळ, तेही उताणं. टाइल्सच्या सांध्यांत बुरशी अशी फुगली होती की कुणी काळी लोकर भरून ठेवल्यासारखी दिसत होती. वास तर असा, की नाकावर रुमाल धरला तरी तो जिभेवर लागत होता.

"हे बघा," नर्सबाई पायऱ्या उतरता उतरता म्हणाली, "न्हाणीघर असं असेल तर पेशंटला इथे पाठवायची सही मी करणार नाही. जखमेत काही गेलं तर जिवावर बेतेल. पुढच्या आठवड्यात परत येईन. नाहीतर वृद्धाश्रमाचं बघा."

भाचीने वृद्धाश्रमाचं बघूनच ठेवलं होतं. फोनवर म्हणाली, "आत्या, मला का हौस आहे? पण तुझ्या घरी चार जिने, आणि माझ्याकडे दिवसभर कोणी नाही. आणि तिथे निदान स्वच्छ तरी आहे गं." दादाला सांगितलं तर त्याने एवढंच विचारलं, "तिथे पाना हातात घेऊ देतील?" शीआत्या डबा आवरायला लागली. त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि त्या दिवसापासून जेवणाचं ताट जसंच्या तसं परत जायला लागलं.

शीआत्याने एका कारागिराला टब बदलायचं विचारून बघितलं. दाराची भिंत टब बसवल्यावर बांधलेली, तेव्हा टब काढायचा तर आधी भिंत पाडायला हवी. दुसऱ्या एका कारागिराने नुसतं आत डोकावून "इथे माणूस राहायचा?" असं विचारलं आणि तो गेला तो गेलाच. तेव्हा तिने कपाळाला हात लावला आणि स्वतःच बाजारात गेली. जुन्या टबाला आणि टाइल्सना लावायचा रंग मिळतो, दोन डबे एकत्र कालवायचे, हे तिने वाचनालयातल्या मासिकात वाचलं होतं.

रंगवाला खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन दाबून एकाच वेळी दोघांशी बोलत होता. "सोपं आहे बाई. आधी घासून स्वच्छ करा. मग चांगली चमक मारा. टबाची मारा, टाइल्सची मारा, कोपऱ्याकोपऱ्यात मारा. चमक मारायला आळस केलात तर रंग धरणार नाही. मग रंग मारा. अहो, तुम्हाला नाही, यांना सांगतोय!" हे शेवटचं फोनमध्ये.

घासायचं काम तिने कसं केलं ते तिचं तिलाच ठाऊक. कोपरापर्यंत रबरी हातमोजे, तोंडाला दोन फडकी, डोक्याला प्लास्टिकची पिशवी. पहिल्याच दिवशी ती तीनदा बेसिनकडे धावली. केसांचा गोळा नळीतून ओढला तर तो येतच राहिला, लांब, ओला, शेपटीसारखा. तो संपेपर्यंत शीआत्या दादाला, दादाच्या सायकलींना आणि सायकलीचा शोध लावणाऱ्याला शिव्या घालत होती. खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन विचारून गेली, "कोणाशी भांडताय?" "केसांशी!" आतून उत्तर आलं.

सगळं निघाल्यावर आता चमक मारायची. झाडू मारतात, पोछा मारतात, पॉलिश मारतात, रंगही मारतात. तशीच चमक मारायची असणार. तिने लादी चकाकवायचं मेणाचं पॉलिश आणलं आणि टबाला, टाइल्सना, कोपऱ्याकोपऱ्यात असं घासून मारलं की जुना टब काचेसारखा झाला. त्यात स्वतःचं तोंड बघून तिला बरंच वाटलं. मग नळाच्या आणि फरशीच्या कडांना चिकटपट्टी लावली, खिडकी उघडी टाकली, दोन डबे कालवले आणि छोट्या रोलरने रंग चढवला. वासाने डोकं गरगरत होतं, पण टब पांढराशुभ्र, टाइल्स पांढऱ्याशुभ्र. दारात उभी राहून ती कितीतरी वेळ बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच एखादं न्हाणीघर बघून तिच्या तोंडून 'शी' निघालं नव्हतं.

रंग वाळला असं वाटल्यावर तिने चिकटपट्टीचं टोक धरून ओढलं. पट्टीबरोबर रंगही आला. थांबवावं म्हणून तिने दुसऱ्या हाताने दाबलं, तर तिथलाही सुटला. सुरकुत्या पडत, लोंबत, टबाच्या काठावरून तो अखंड सोलून आला. पांढरा, मऊ, किंचित चिकट.

साय! हातभर साय, आणि ती तिच्या बोटांना चिकटली होती.

ती बेसिनपर्यंतही पोहोचली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती रुग्णालयात गेली ती डोळे सुजवून. सोललेल्या रंगाचा तुकडा पिशवीत घालून नेला होता. तो दाखवून रंगवाल्याची खरडपट्टी काढायची म्हणून. पण आधी दादा. तो भिंतीकडे तोंड करूनच पडला होता. उशाशी दुधाचा प्याला थंड झालेला, वर जाड साय.

"नर्सबाई परवा येणार," ती खुर्चीत बसत म्हणाली. "आणि मी सगळं वाटोळं करून बसलेय. घाण तुझी, आणि हात माझे. कसली घाण रे ती, दादा! माणूस होतास की बेडूक?"

तिने पिशवीतून तुकडा काढून त्याच्यापुढे धरला. "हे बघ. चमक मारा म्हणाला, मारली. दोन दिवस मान मोडून पॉलिश घासलं. आरशासारखा केला टब. तरी असा निघून आला."

दादाने मान वळवली. तुकड्याची आतली बाजू अंगठ्याने चाचपली. ती गुळगुळीत होती, मेणचट.

"पॉलिश लावलंस?"

"मग? चमक मारायला सांगितली होती."

दादाच्या पोटातून काहीतरी गुदगुल्या झाल्यासारखं वर आलं. आधी तिला वाटलं खोकतोय. मग कळलं, हसतोय. टाके दुखतील म्हणून खुब्यावर हात दाबून धरला होता आणि डोळ्यांतून पाणी.

"अगं, चमक मारायची म्हणजे... ठार मारायची! जीव घ्यायचा तिचा! काचकागदाने खरवडून!"

शीआत्या बघतच राहिली. आणि तिला दिसलं, दुकानाच्या पायरीवर ती लहान, हातात पंक्चर झालेली ट्यूब ताणून धरलेली, आणि दादा ठिगळ लावायच्या आधी भोकाभोवतालचं रबर खसाखसा खरवडतोय. कितीदा धरली असेल ती ट्यूब! गुळगुळीत रबराला ठिगळ बसत नाही हे तिला तेव्हापासून माहीत होतं. फक्त टबही त्याच जातीचा असेल असं डोक्यात आलं नाही.

"त्या मेल्याला 'खरवडा' म्हणायला काय झालं होतं?" ती फणकारली.

"आणि तुला विचारायला?" दादा अजून हसत होता. "मारली म्हणे चमक! आरशासारखी!" हसता हसता त्याने हात लांब केला, प्याल्यातली साय दोन बोटांनी उचलली आणि तोंडात टाकली.

"शी!" शीआत्या किंचाळली. शेजारच्या खाटेवरचे आजोबा दचकून उठले. पण ताट परत न्यायला आलेली बाई त्या दिवशी रिकामं ताट घेऊन गेली.

परत जाऊन तिने चमक मारली, या खेपेला खरोखरची. उरलेली साय पात्याने सोलली, मेण उतरवणाऱ्या द्रावणाने सगळं धुतलं, मग पाण्यात भिजवलेल्या काचकागदाने टब आणि टाइल्स घासत बसली. राखाडी, दुधाळ चिखल बोटांमधून, मनगटावरून ओघळत हातमोज्यात शिरत होता आणि ती प्रत्येक घासण्याबरोबर पुटपुटत होती, "मर. मर एकदाची." संध्याकाळी टब मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखा निस्तेज झाला. तसला रंग तिने जन्मात मुद्दाम केला नसता. पुसून, वाळवून तिने पुन्हा दोन डबे कालवले. पातळ हात, वाळू द्यायचा, पुन्हा पातळ हात. शेवटच्या हातात तिचा स्वतःचा एक पांढरा केस अडकला, अगदी डोळ्यांसमोर. काढायला गेलं तर रंग ओरखडणार. ती बराच वेळ त्या केसाकडे तिरस्काराने बघत उभी राहिली आणि तो तसाच राहू दिला.

चिकटपट्टी ओढताना तिने डोळे मिटून घेतले होते. पट्टी आली. एकटीच आली.

नर्सबाईने टबाच्या काठावरून बोट फिरवलं, टाइल्सचे सांधे नखाने खरवडून बघितले. त्या केसापाशी थांबली. "हे काय?"

"माझी सही," शीआत्या म्हणाली.

नर्सबाईला हसू आवरलं नाही. पण लगेच चेहरा सरळ करून ती म्हणाली, "रंग पुरता मुरेपर्यंत पाणी लावू नका. आणि त्यांना अंघोळ कोण घालणार? एकट्याला टबात उतरू द्यायचं नाही. कोणी असेल तरच सही."

हा प्रश्न शीआत्याने स्वतःला विचारलाच नव्हता. टब झाला की झालं, असं धरून चालली होती ती. टब निदान जिवंत नव्हता.

"मी," ती म्हणाली. "मी येत जाईन."

रंग मुरल्यावर पहिली अंघोळ. दादा अर्ध्या चड्डीत, टबात ठेवलेल्या स्टुलावर, काठ घट्ट धरून. रुग्णालयात नुसतं ओल्या फडक्याने पुसत असत, त्यामुळे पाठीवरून मळाच्या वळ्या निघत होत्या. टाचा भेगाळलेल्या, भेगांमध्ये ग्रीस अजून तसंच. शीआत्या बाह्या वर करून, नाकाने श्वास न घेता उभी होती.

"तू बाहेर थांब," दादा हळूच म्हणाला. "मी करतो जमेल तसं. तुला उगीच ओकारी यायची."

"गप्प बस. पाय पुढे कर." तिने मोजे चढवले आणि त्याचा पाय हातात घेतला. "शी! ही नखं आहेत की शिंगं? शी, शी, शी! बोटांच्या मध्ये काय पिकवलंयस रे? आणि हा वास!"

"पंक्चरचं सोल्यूशन असेल."

"सोल्यूशन! मेलेला उंदीर म्हण." तिने ब्रशला साबण लावला आणि टाच खसाखसा घासायला घेतली. पांढऱ्या टबात काळं पाणी उतरलं, कडेने फिरलं आणि डाग न ठेवता नळीतून गेलं. दोघांनीही ते वाकून बघितलं.

"हळू गं," दादा कळवळला. "चमक मारतेयस का माझी?"

"मारणारच आहे," शीआत्या तोंड वाकडं करून म्हणाली. "दुसरा पाय दे."